तारापूरची अणुवीज : लाभ आणि जबाबदारी

देशातील पहिल्या अणुवीज केंद्राने पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे, अरबी समुद्राच्या काठी, ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीजपुरवठा सुरू केला. महाराष्ट्रातील कोळसा विदर्भात, तर कारखानदारी मुंबई-ठाणे परिसरात वाढलेली. कोळशाची वाहतूक एवढ्या लांबून करीत राहण्यापेक्षा अल्प इंधनावर चालणारे केंद्र पश्चिम भागात असावे, हा विचार त्यामागे होता.

एक ग्रॅम युरेनियम-२३५ चे पूर्ण विखंडन झाल्यास चांगल्या प्रतीच्या सुमारे तीन टन दगडी कोळशाइतकी उष्णता मिळते. या उष्णतेने पाण्याची वाफ होते व वाफेच्या बळावर जनित्र फिरते. धूर नाही, राखेचे ढीग नाहीत. शिवाय पाऊस लांबला किंवा सूर्य मावळला म्हणून वीज थांबत नाही. असे असूनही देशाच्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा सुमारे तीन टक्केच आहे.

पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या सहकार्याने उभारल्या गेल्या आणि त्यांचे समृद्ध युरेनियमही तेथूनच यावयाचे. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर त्यात अडथळे आले व पुढे फ्रान्सकडे वळावे लागले. प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्या (२००५-०६) मात्र भारतीय बनावटीच्या असून नैसर्गिक युरेनियम व जड पाणी यांवर चालतात.

खरी कसोटी अणुभट्टी बंद केल्यानंतर लागते. चुलीतील लाकडे ओढून घेतली तरी निखारे धगधगतात, तसे इंधन दीर्घकाळ उष्णता देत राहते. ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा येथे भूकंप होताच चालू अणुभट्ट्या आपोआप बंद पडल्या होत्या. परंतु त्सुनामीच्या पाण्याने राखीव वीजसंच निकामी झाले, इंधन थंड ठेवणारी यंत्रणा थांबली आणि तीन अणुभट्ट्यांतील इंधन वितळले. तारापूरही समुद्रकाठीच आहे, हे विसरून चालणार नाही.

वापरलेल्या इंधनावर तारापूर येथे पुनर्प्रक्रिया होते व उरलेला तीव्र किरणोत्सारी कचरा काचेत बंदिस्त केला जातो. त्यासाठी भूगर्भातील कायमचे भांडार भारतात अद्याप नाही.

तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठवावी लागली. पुनर्वसनाच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या. विजेचा दर काढताना हा हिशेबही मांडला गेला पाहिजे.

केंद्राच्या कुंपणाबाहेरील आपत्कालीन व्यवस्था जिल्हा प्रशासनाकडे असते. पण ती घरोघर पोहोचवावयाची ती सरपंच, ग्रामसेवक व शिक्षकांनीच. इशारा मिळताच घरात थांबावे, दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, उघड्यावरील अन्नपाणी वर्ज्य करावे, आणि सूचना झाल्यावर ठरलेल्या मार्गानेच बाहेर पडावे. आयोडीनची गोळी प्रशासनाने सांगितल्यावरच घ्यावयाची असते. ती गळ्यातील थायरॉइड ग्रंथीपुरतेच संरक्षण देते. सर्व किरणोत्सर्गावरचा तो उतारा नव्हे.