थोर कादंबऱ्यांचें वाचन

परीक्षा जवळ येते आणि नेमकी मुलाच्या दप्तरांत गणिताच्या पुस्तकाखालीं कादंबरी सांपडते. मग घरीं बोलणीं बसतात व कादंबरी कपाटांत बंद होते. पालकांची भीति अगदींच निराधार नाहीं. केवळ वेळ घालविण्यासाठीं लिहिलेलीं पुस्तकें पुष्कळ आहेत. परंतु त्यांच्याबरोबर थोर कादंबऱ्यांनाही घराबाहेर घालविलें, तर आपलें मोठें नुकसान होईल, असें आम्हांस वाटतें.

एक उदाहरण घेऊं. हिंदु विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ सालीं झाला. कायद्यानें वाट मोकळी केली. पण लोकांच्या मनांत दया उत्पन्न करणें त्याच्या हातीं नव्हतें. पुढें १८९० सालीं हरि नारायण आपटे यांनीं ‘करमणूक’ पत्र काढलें व त्यांतून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. तींत यमुना आपली कहाणी स्वतःच सांगते. तिचें बालपण, सासर, पतीचा प्रेमळ सहवास, हें सर्व आपण तिच्याच डोळ्यांनीं पाहतों. म्हणूनच पतीच्या निधनानंतर बळजबरीनें तिचें केशवपन होतें, तेव्हां ती आपणांस परकी वाटत नाहीं. अशा स्त्रिया त्या काळीं पुष्कळ घरांत होत्या व रोज दृष्टीस पडत होत्या. पण दृष्टीस पडणें निराळें आणि लक्षांत घेणें निराळें!

फ्रेंच ग्रंथकार व्हिक्टर ह्यूगो याच्या १८६२ सालच्या ‘ले मिझेराब्ल’ या कादंबरीचा नायक बहिणीच्या उपाशी मुलांसाठीं पाव चोरतो, आणि पळून जाण्याच्या प्रयत्नांमुळें शिक्षा वाढत जाऊन एकोणीस वर्षें कैदेंत काढतो. सुटल्यावर ज्या बिशपनें त्याला आसरा दिला, त्याचींच चांदीचीं भांडीं तो चोरतो. बिशप मात्र ‘तीं मींच दिलीं’ असें शिपायांस सांगून त्याला सोडवितो. आणि तेथून तो मनुष्य पालटूं लागतो. सरकारी दप्तरांत त्याची नोंद ‘चोर’ एवढीच व्हावयाची. त्या एका शब्दामागें केवढें आयुष्य दडलेलें असतें, हें कादंबरी दाखविते.

मात्र पुस्तक वाचून डोळ्यांत पाणी आलें, एवढ्यानें काम झालें असें नाहीं. पुस्तकांतल्या यमुनेसाठीं रडणारा वाचक घरांतल्या एकाकी आजीशीं दोन शब्दही बोलत नसेल, तर त्यानें पानें उलटलीं, कादंबरी वाचली नाहीं.

यासाठीं विद्यार्थ्यांनीं थोडें पण सावकाश वाचावें, आणि पुस्तक मिटल्यावर स्वतःस विचारावें, ‘माझ्या घरांत, माझ्या वर्गांत, असें कोण आहे, कीं ज्याच्याकडे मीं अद्याप नीट पाहिलेंच नाहीं?’ पालकांसही आमची विनंति आहे कीं, सुट्टींत एखादी चांगली कादंबरी मुलांबरोबर वाचावी. घरांत जें बोलावयास संकोच वाटतो, तें पुष्कळदां यमुनेच्या निमित्तानें सहज बोलतां येतें.