कालवांची रोगप्रतिकारशक्ती व खाडीचे पाणी

ओहोटीच्या वेळी खाडीतील खडकांवरून कालवे काढणे हा कोकण किनाऱ्यावरील जुना व्यवसाय आहे. राज्य शासनाने 2017 साली सुरू केलेल्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेत कालवे-पालनाचाही समावेश आहे. म्हणून हा प्राणी रोगाशी कसा झुंजतो, याची माहिती ग्रामसेवकांस व खाडीकाठच्या शेतकरी-मच्छीमार बंधूंस असणे अगत्याचे आहे.

कालव एकदा खडकास चिकटले की जागा सोडीत नाही. कल्ल्यांवाटे पाणी गाळून त्यातील सूक्ष्म वनस्पतींवर ते जगते. मोठे कालव तासाला काही लिटर पाणी गाळते. त्या पाण्याबरोबर असंख्य जिवाणूही आत शिरतात.

प्रतिकार कसा होतो?

मनुष्याच्या किंवा गुरांच्या रक्तात रोगजंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. कालवात ती होत नाहीत. त्यामुळे गुरांस घटसर्पाची लस टोचतो तशी लस कालवास टोचून भागत नाही. त्याचा सारा भार रक्तपेशींवर असतो. या पेशी जिवाणूंस गिळून टाकतात.

जिवाणू आत शिरल्याची वर्दी पेशींवरील विशिष्ट प्रथिने देतात. वर्दी मिळताच पेशीतील काही जनुके जागृत होतात व त्यांच्या आज्ञेनुसार लायसोझाइम, डिफेन्सिन यांसारखी जंतुनाशक द्रव्ये तयार होतात. 2012 साली पॅसिफिक कालवाच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 28,000 जनुके आढळली. उष्णता व इतर ताणांपासून पेशींचे रक्षण करणाऱ्या एका प्रथिनकुलाची 88 जनुके त्यात होती; मनुष्यात या कुलाची सुमारे 17 च आहेत. जागा सोडून पळता न येणाऱ्या प्राण्यास निसर्गाने दिलेली ही शिदोरीच होय.

शक्तीची मर्यादा

ही शक्ती अमर्याद नाही. फ्रान्समध्ये 2008 पासून पॅसिफिक कालवांची लहान पिल्ले मोठ्या प्रमाणात मरू लागली. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की, प्रथम एक विषाणू रक्तपेशींस दुर्बळ करतो आणि मग जिवाणू शरीरभर पसरून कालव मरते. एका संकटाने कुंपण मोडले की दुसरे आत शिरते, हा शेतातील अनुभव येथेही खरा ठरतो. यास्तव पालन करणाऱ्यांनी दाटी टाळावी, मेलेली कालवे वेळीच काढून टाकावीत आणि पावसाळ्यात ज्या ठिकाणी पाणी फार गोडे होते अशी जागा निवडू नये.

खाणाऱ्यांनी घ्यावयाची काळजी

कालव जिवंत व टवटवीत आहे, म्हणून ते खाण्यास निर्धोक आहे असे समजू नये. कालवास अपाय न करणारे जिवाणू व विषाणू मनुष्यास आजारी पाडू शकतात. उल्हास नदी कल्याण-डोंबिवलीवरून वसईच्या खाडीकडे जाते व तिचा एक अरुंद फाटा ठाण्याच्या खाडीस मिळतो. या पाण्यात शहरांचे सांडपाणी व औद्योगिक वसाहतींचे दूषित पाणी मिसळत आले आहे. म्हणून खालील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

1. नाल्याच्या किंवा सांडपाण्याच्या मुखाजवळील कालवे काढू नयेत.
2. शिंपला उघडा असून टिचकी मारल्यावर मिटत नसेल, तर ते कालव टाकून द्यावे.
3. कालवे कच्ची खाऊ नयेत. उकळताना शिंपले उघडल्यावर आणखी 3 ते 5 मिनिटे उकळावीत. सोललेला गर निदान 3 मिनिटे उकळावा.
4. शिजविल्याने जंतू मरतात, परंतु शिसे, पारा यांसारखे जड धातू नाहीसे होत नाहीत. कालवे स्वच्छ पाण्यात ठेवून शुद्ध करण्याच्या पद्धतीने जिवाणू बरेच कमी होतात. विषाणू व धातू यांबाबत तिच्यावर विसंबून राहू नये.

ग्रामसेवकांनी ही माहिती, विशेषतः कालवे काढणाऱ्या भगिनींपर्यंत, पोहोचवावी. कालव आपल्या परीने जंतूंशी झुंजते; परंतु पाणी स्वच्छ राखण्याचे काम मनुष्यालाच करावयाचे आहे.