वजन वाढतंय, उंची थांबलीय?

'खात्यापित्या घरचं पोर, अंगानं भरणारच,' असं म्हणून वयात येणाऱ्या मुलांच्या वजनाकडे काणाडोळा होतो. बहुतेकदा त्यात काळजीचं काही नसतंही. नुसतं जास्त खाऊन जाड झालेलं मूल वयाच्या मानानं सहसा उंच असतं. पण गेल्या वर्षीचा युनिफॉर्म कमरेला बसत नाही, लांबीला मात्र अजून पुरतो, असं असेल तर मुलाला दाखवून घ्या. सोबत चेहरा गोल आणि लालसर, मुरमं, पोटा-मांड्यांवर जांभळट रुंद चट्टे, मुलीची पाळी बंद, रक्तदाब वाढलेला असेल, तर कुशिंग आजाराची शंका घ्यावी लागते.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिच्युटरी ग्रंथी असते. तिच्यात बहुधा काही मिलिमीटरची गाठ होते आणि तिच्या हुकमावरून मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक ओतत राहतात. अमेरिकी शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्ये हा संबंध मांडला. ही गाठ म्हणजे कॅन्सर नव्हे.

माझा पहिला प्रश्न मात्र औषधांचा असतो. नायट्यासाठी मेडिकलमधून आणलेलं मलम, दम्यावरची 'हमखास गुणाची' पुडी यांतल्या स्टिरॉइडमुळेही हुबेहूब हीच लक्षणं दिसतात, आणि तसे रुग्ण कितीतरी जास्त. तरी स्टिरॉइड एकदम, मनानं बंद करू नका; ते जिवावर बेतू शकतं.

परस्पर एमआरआय काढून येऊ नका. गाठ असूनही तो स्वच्छ येऊ शकतो, आणि निरोगी माणसातही त्यात एखादा ठिपका दिसतो. आधी कॉर्टिसॉल वाढलंय हे सिद्ध व्हायला हवं: रात्री उशिराची लाळ, डेक्सामेथासोनची गोळी रात्री घेऊन सकाळी रक्त, आणि २४ तासांची लघवी. ही शेवटची तपासणी रविवारीच करा, शाळेत हमखास घोळ होतो. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची. त्यानंतर एसीटीएच, म्हणजे पिच्युटरी ज्यातून हुकूम सोडते ते संप्रेरक, आणि एमआरआय. तरीही उलगडा झाला नाही, तर पिच्युटरीजवळच्या शिरांतलं रक्त तपासतात.

उपचार म्हणजे नाकावाटे शस्त्रक्रिया, आणि ती या कामात मुरलेल्या शल्यविशारदाकडूनच. नंतर मूल गळून जातं, अंग दुखतं, भूक मरते. आईवडील घाबरतात, पण कॉर्टिसॉल खाली आल्याची, म्हणजे गाठ निघाल्याचीच ती खूण असते. ही उणीव भरून काढायला कित्येक महिने हायड्रोकॉर्टिसोन चालू ठेवावं लागतं. ताप आला की डोस वाढवायचा, उलट्या झाल्या तर ताबडतोब इंजेक्शन. तशी चिठ्ठी दप्तरात असू द्या. गाठ काही वर्षांनी परतू शकते, म्हणून दरवर्षीची तपासणी चुकवू नका.