पाठ : आर भाषेचं वळण

आर ही संगणकाची भाषा आपल्या ऑकलंडची आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी ती तयार केली. दोघांच्याही नावाचं पहिलं अक्षर आर, म्हणून भाषाही आर! १९९५ पासून ती सगळ्यांना मोफत मिळते. ती दिसते जुन्या 'एस' भाषेसारखी, पण आतून बरीचशी 'स्कीम' या फंक्शनल भाषेवर बेतलेली आहे.

"मला भूक आहे" म्हटलं तर आजीला कळतं. पण मराठीत आपण "मला भूक लागली" म्हणतो. पहिलं वाक्य इंग्रजीत विचार करून मराठीत बोललेलं आहे. कोडचंही असंच होतं.

समजा, तीन दिवसांचं तापमान २०, १५ आणि २५ अंश सेल्सिअस आहे. ते फॅरेनहाइटमध्ये हवंय. पायथन शिकून आलेला मुलगा लूप लिहितो : एक आकडा घे, बदल, नव्या यादीत ठेव, पुढचा घे. उत्तर बरोबर येतं. पण आरमध्ये एवढंच पुरतं :

तापमान * ९ / ५ + ३२

गणित अख्ख्या यादीवर एकदम होतं आणि ६८, ५९, ७७ अशी नवी यादी मिळते. जुनी यादी तशीच राहते. वाचणाऱ्यालाही सूत्र लगेच दिसतं.

जुनी सवय कधी कधी महागातही पडते. पायथनमध्ये मोजणी ० पासून, आरमध्ये १ पासून. आरमध्ये ० क्रमांकाचा आकडा मागितला, तर चूक दाखवली जात नाही. रिकामी यादी हाती येते. मग चूक शोधत बसा!

म्हणजे लूप वाईट का? नाही. पुढची पायरी मागच्या उत्तरावर अवलंबून असेल, तर लूप खुशाल लिहा. फक्त आधी विचारा : "हे काम अख्ख्या यादीवर एकदम होईल का?"

शब्दार्थ
वळण – पद्धत, धाटणी
बेतलेली – नमुना समोर ठेवून केलेली
महागात पडणे – नुकसान होणे

प्रश्न
१. आर हे नाव कशावरून पडलं?
२. ३० अंश सेल्सिअस म्हणजे किती फॅरेनहाइट?
३. "मी शॉवर घेतला" हे वाक्य मराठी वळणाने लिहा.