तात्पर्य विचारू नका

मुकुंदवाडी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं घर. गेली सहा वर्षं दर शनिवारी संध्याकाळी आठवी ते दहावीची आठ-दहा पोरं गच्चीवर जमतात आणि आम्ही जुनी पुस्तकं वाचतो. बहुतेकांचे वडील चिकलठाणा एमआयडीसीत कामाला. 'आजच्या पोरांना ही पुस्तकं भावतात का हो?' असं लोक विचारतात. माझ्या पदरात पडलं ते असं.

१. आधी पाणी, मग पुस्तक. नळाला पाणी येतं त्या दिवशी वाचन नाही. २०१९ मध्ये इथली मुलं रेल्वेनं औरंगाबाद स्टेशनला जाऊन पाणी भरून आणत, त्याच्या बातम्या परदेशापर्यंत गेल्या. 'पोरांना कामधंदा नाही, म्हणून मोबाईल' हे म्हणणं मी तेव्हाच सोडलं.

२. तात्पर्य विचारू नका. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. सुरुवातीला मी त्यातल्या प्रत्येक 'रात्री'नंतर, म्हणजे प्रकरणानंतर, विचारायची, 'यातून काय शिकलो?' सगळे खाली मान घालायचे. मग सावकाराचा माणूस वसुलीला दारात येतो, तो भाग वाचला. गच्चीवर चिडीचूप. मागून एक पोरगा बोलला, "काकू, आमच्याकडं गाडीच्या हप्त्याचा माणूस असाच येतो. मम्मी मला सांगायला लावते, पप्पा घरी नाहीत म्हणून." त्यावर मी कसलं तात्पर्य सांगणार होते?

३. आपल्याला आवडलेलं तेच त्यांना आवडेल, असं नाही. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची रहस्यं त्यांना फिकी वाटतात. "लोकेशन काढलं असतं ना," म्हणतात. पण हा बनेश फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत आलेला, हे कळल्यावर भोकरदनहून मागच्या वर्षी आलेलं पोरगं सरसावून बसलं. शहरातल्या वर्गात पहिल्या दिवशी काय होतं, ते त्याला ठाऊक होतं.

४. मुलींचे प्रश्न टाळू नका. मिलिंद बोकिलांची 'शाळा' २००४ ची, गोष्ट आणीबाणीतल्या नववीची, मुकुंदची नि त्याला आवडणाऱ्या शिरोडकरची. आणीबाणी म्हणजे काय, ते मला दोन वाक्यांत सांगावं लागलं. बाकी काहीच सांगावं लागलं नाही. मुलं खिदळली, लाजली. एक मुलगी मात्र तडकली. "सगळं मुकुंदच सांगतो. शिरोडकरला काय वाटत होतं, ते कुठंय?" मी उत्तर शोधत बसले नाही. वही दिली नि म्हटलं, तू लिही. तिनं दीड पान लिहिलं. वाचून दाखवायला तयार नाही.

५. भाषा अडली तर मोठ्यानं वाचा. प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मधली बेळगावकडची कानडी वळणाची मराठी आमच्या पोरांना डोळ्यांनी वाचवेना. कानावर पडू लागली तशी सोपी झाली. आईवडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे राहणारा लंपन समजावून सांगायची गरजच नव्हती. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर गावी आजीपाशी राहिलेली दोघं समोरच बसली होती.

६. कंटाळा आला तर पुस्तक मिटा. ताम्हनकरांचा 'गोट्या' माझ्या जिवाभावाचा. दोन शनिवार वाचला, दोन्ही शनिवारी जांभया. वाईट वाटलं, पण ठेवून दिला. मी रेटला असता तर तिसऱ्या शनिवारी गच्ची रिकामी राहिली असती.

जुनी पुस्तकं या पोरांशी बोलतात. फक्त आपण मध्ये उभं राहून दुभाष्याचं काम करायचं नाही.

माझी 'शाळा'ची प्रत सध्या घरात नाही. चार महिने झाले, मुलींमध्ये फिरतेय. कव्हर निघालंय म्हणे. मी परत मागितलेली नाही.