ट्रम्पेटचा सराव : श्वास, ओठ आणि अवधान

सतारीच्या विद्यार्थ्याने दिवसाकाठी पाच-सहा तास रियाज केला तर त्याची बोटे दुखतात, पाठ अवघडते. परंतु दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वाद्य घेऊन बसू शकतो. ट्रम्पेटच्या विद्यार्थ्याने असा हट्ट धरला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या वाद्यातून बहुधा स्वरच निघत नाही. याचे कारण वाद्याच्या रचनेत आहे. सतारीत तार कंप पावते, सनईत पत्ती कंप पावते. ट्रम्पेटमध्ये कंप पावतात ते वादकाचे स्वतःचे ओठ. तार तुटली तर बदलता येते, पत्ती झिजली तर नवी बसविता येते. ओठांच्या बाबतीत ती सोय नाही. म्हणून या वाद्याच्या सरावाचा विचार करताना पहिला प्रश्न ‘किती वेळ’ हा नसून ‘ओठांची ताजी शक्ती कोणत्या कामी खर्च करावयाची’ हा असतो.

आज सर्वत्र प्रचलित असलेल्या ट्रम्पेटची नळी उलगडून सरळ केली तर ती सुमारे दीड मीटर लांब भरते. तिच्या एका टोकाला वाटीच्या आकाराचा माउथपीस असतो. वादक त्यावर ओठ मिटून टेकवितो आणि त्यांच्या फटीतून श्वास सोडतो. वाद्यवृंद ज्या स्वरावर आपली वाद्ये जुळवितो, त्या 440 कंपनांच्या स्वरासाठी ओठांना सेकंदाला 440 वेळा उघडमीट करावी लागते. वरच्या सप्तकातील उंच स्वरांसाठी हा आकडा नऊशेच्या पुढे जातो. ओठांभोवती वर्तुळाकार पसरलेला स्नायू हा ताण पेलतो. तो थकू लागला की वादक नकळत माउथपीस दातांवर दाबतो. दाबल्यामुळे काही क्षण उंच स्वर निघतो खरा. परंतु ओठांतील रक्ताभिसरण अडते, ओठ सुजतात आणि स्वर फुटू लागतो. स्वर फुटला म्हणून विद्यार्थी आणखी दाबतो. या चक्रात घालविलेला अर्धा तास वाया जातो एवढेच नव्हे, तर तो पुढील दोन दिवसांचा सरावही बिघडवितो.

ही भीती काल्पनिक नाही. लुई आर्मस्ट्राँग (1901–1971) याच्या असामान्य वादनाची फार मोठी किंमत त्याच्या ओठांनी दिली आणि 1930 नंतरच्या दशकात त्याला काही काळ वादन थांबवावे लागले. ओठांभोवतीचा स्नायू फाटण्याच्या विकाराला 1982 साली एका वैद्यकीय लेखात त्याच्याच ‘सॅचमो’ या टोपणनावावरून नाव देण्यात आले. एवढ्या मोठ्या कलावंताची जर ही गत, तर घरच्या खोलीत एकट्याने, घड्याळाकडे पाहत तास भरून काढणाऱ्या नवशिक्याने किती सावध असावयास हवे हे सांगावयास नको.

हर्बर्ट एल. क्लार्क (1867–1945) हा अमेरिकन वादक या बाबतीत अभ्यासण्याजोगा आहे. त्याचे वाद्य कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचे अगदी जवळचे भावंड. सूसाच्या सुप्रसिद्ध बँडमधील प्रमुख एकलवादक म्हणून तो नावारूपाला आला. तरुणपणी जोर लावून, माउथपीस दाबून वाजविण्याची खोड त्यालाही होती आणि ती त्याला मोठ्या कष्टाने मोडावी लागली, असे त्याच्या आत्मकथनावरून दिसते. त्याने 1912 साली प्रसिद्ध केलेले तांत्रिक अभ्यासांचे पुस्तक आजही जगभर वापरले जाते. त्यातील पहिला पाठ दिसावयास क्षुल्लक आहे : एकामागून एक येणारे अर्धस्वर, वर आणि पुन्हा खाली. परंतु तो अत्यंत हळू आवाजात, एका श्वासात आठ ते सोळा वेळा वाजवावयाचा असतो. ज्याला मोठ्याने वाजविण्याची सवय आहे त्याचा श्वास चौथ्या आवर्तनालाच संपतो. हळू वाजवू पाहणाऱ्याला मात्र श्वासाची काटकसर, ओठांचा सैलपणा आणि बोटांची नेमकी हालचाल या तिन्ही गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात. मन क्षणभर दुसरीकडे गेले की स्वर विझतो. येथे हळुवारपणा हाच अवधानाचा पहारेकरी होतो. आमच्याकडील गायक पहाटे खर्जाचा रियाज करतात, त्याच्याशी या पद्धतीचे साम्य सहज ध्यानात येईल. दोहोंतही ताकद दाखविण्याला वाव नसतो आणि स्वराचा प्रत्येक कण ऐकावा लागतो.

ट्रम्पेटला ऐकण्याची गरज अन्य वाद्यांपेक्षा अधिक आहे. त्यामागे एक भौतिक कारण आहे. या वाद्याला दाबण्याच्या तीनच कळा, म्हणजे पिस्टन असतात. दुसरी दाबली की स्वर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिलीने एक पूर्ण स्वराने, तिसरीने दीड स्वराने. या तिन्हींच्या जुळणीतून नळीच्या मोजून सात लांब्या मिळतात. सातांतून अडीच सप्तके कशी निघतात? प्रत्येक लांबीतून एकच स्वर निघत नाही, तर स्वरांची एक शिडी निघते. एकही कळ न दाबता वादक षड्ज वाजवू शकतो. त्याच स्थितीत पंचम, तार षड्ज, तार गंधार आणि तार पंचमही वाजवू शकतो. बोटे तीच, नळी तीच. बदलतो तो ओठांचा ताण आणि श्वासाचा वेग. हार्मोनियमची पट्टी दाबली की ठरलेला स्वर येतो, चुकीची पट्टी दिसतेही. ट्रम्पेटमध्ये बोटे अचूक असूनही तार षड्जाऐवजी पंचम येऊ शकतो किंवा दोघांमधला फाटका आवाज. म्हणून वाजविण्यापूर्वी हवा तो स्वर कानात स्पष्ट ऐकू आला पाहिजे. तो ऐकू येत नसेल तर ओठ अंदाजाने शिडीवर पाय टाकतात.

शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रामध्ये 1944 ते 1988 या काळात ट्यूबा वाजविणारे आर्नोल्ड जेकब्ज (1915–1998) यांच्या शिकवणुकीचा गाभा हाच होता. वादकाने स्नायूंना हुकूम सोडीत बसू नये. मनात गाणे असावे आणि शरीराने श्वास पुरवावा, असे ते सांगत. त्याच वाद्यवृंदात अ‍ॅडॉल्फ हर्सेथ (1921–2013) हे 1948 पासून 2001 पर्यंत प्रमुख ट्रम्पेटवादक होते. 1952 साली मोटार-अपघातात त्यांचा ओठ फाटला आणि समोरचे काही दात पडले. ट्रम्पेटवादकाच्या दृष्टीने याहून घातक इजा क्वचितच असेल. तरीही काही महिन्यांत ते पुन्हा आपल्या जागी बसले व पुढे जवळजवळ अर्धशतक वाजवीत राहिले. ओठांची जुनी ठेवण निरुपयोगी झाली होती. शाबूत राहिला होता तो कानातील स्वर, आणि त्याच्याच आधाराने नवी ठेवण घडविता आली असे मानणे सयुक्तिक होईल.

गोव्यात चर्चशी संलग्न असलेल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या संगीत शिकविले जात असे. तेथे मुलांना सोल्फेज, म्हणजे कागदावरील स्वर नावानिशी गाऊन दाखविण्याची विद्या दिली जाई. या संस्कारातून आलेल्या वादकांनी पुढे मुंबईची जाझ-पथके आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद गजबजून टाकले. सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केलेले ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो शाव्हियर वाझ (1916–1967), हे त्यांतीलच एक नाव. आधी गाणे आणि मग फुंकणे ही शिस्त त्यामुळे आपल्याकडे अपरिचित नाही. तिचा विसर पडतो तो माउथपीस हाती आल्यावर.

आता प्रत्यक्ष सरावाकडे वळू. चार मात्रांची एखादी ओळ घ्यावी, जिच्यात पंचमावरून तार गंधारावर उडी आहे, आणि समजावे की ती उडी दर वेळी चुकते. सर्वसाधारण विद्यार्थी काय करतो? ओळ सुरुवातीपासून पुन्हा वाजवितो. पुन्हा चुकते, पुन्हा वाजवितो. दहाव्या खेपेला एकदा बरोबर आली की समाधानाने पुढे जातो. हिशेब मांडला तर त्याने बरोबर वादनाचा एकदा आणि चुकीच्या वादनाचा नऊ वेळा सराव केलेला असतो. शरीर दोन्ही गोष्टी सारख्याच निष्ठेने शिकते.

या संदर्भात 2009 साली प्रसिद्ध झालेले टेक्सास विद्यापीठातील एक संशोधन उद्बोधक आहे. सतरा पियानोवादकांना शोस्ताकोविचच्या एका कॉन्चेर्तोतील अवघ्या तीन मात्रासमूहांचा तुकडा देऊन हवा तेवढा वेळ सराव करण्यास सांगण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांची परीक्षा घेण्यात आली. (योगायोग असा की 1933 सालच्या या कॉन्चेर्तोत पियानोच्या जोडीला एकल ट्रम्पेटच आहे.) कोणी किती मिनिटे सराव केला किंवा तुकडा किती वेळा वाजविला, याचा दुसऱ्या दिवशीच्या गुणवत्तेशी संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो चुकीच्या आवर्तनांच्या प्रमाणाशी. उत्कृष्ट ठरलेल्यांच्याही चुका झाल्या होत्या. परंतु चूक नेमकी कोठे झाली हे हेरून ते तेथेच थांबत, लय कमी करीत आणि ती जागा दुरुस्त होईपर्यंत पुढे जात नसत. पियानोच्या विद्यार्थ्याला चुकीच्या आवर्तनांनी केवळ वेळेचा तोटा होतो. ट्रम्पेटच्या विद्यार्थ्याला त्याशिवाय ओठांचाही होतो.

तेव्हा चुकणाऱ्या त्या उडीपाशी थांबावे आणि वाद्य मांडीवर ठेवावे. प्रथम ते दोन स्वर गाऊन पाहावेत. गाता आले नाहीत तर दोष कानाचा आहे आणि तो फुंकून सुटणार नाही. गाता आले तर तेवढ्या जागेपुरत्या कळा न फुंकता, लयीत दाबून पाहाव्यात; बोट उशिरा पडत असेल तर ते येथे उघड होते. नंतर श्वास कोठे घेतला जातो ते पाहावे. अनेकदा उडी चुकण्याचे खरे कारण दोन मात्रा आधी घेतलेल्या अपुऱ्या श्वासात असते आणि बिचाऱ्या ओठांना विनाकारण दोष दिला जातो. या तपासणीस दोन-तीन मिनिटे लागतात आणि तेवढ्यात ओठांना विसावाही मिळतो. मग निम्म्या लयीत, हळू आवाजात, केवळ ते दोन स्वर वाजवावेत. नंतर त्यांच्या मागचा एक, पुढचा एक जोडावा. लय वाढवावयाची ती मेट्रोनोमच्या एकेका खुणेने. तीन वेळा निर्दोष आल्यावाचून लय वाढवू नये, आणि दोन वेळा सलग चुकल्यास ती उतरवावी.

वाजविण्याएवढाच वेळ विसाव्याला द्यावा हा पितळी वाद्यांच्या शिक्षकांतील जुना नियम याच कारणाने मोलाचा आहे. मात्र विसावा म्हणजे रिकामपण नव्हे. त्या मिनिटांत पुढील ओळ डोळ्यांनी वाचावी, तिची लय टाळीने मोजावी, एखाद्या श्रेष्ठ वादकाचे ध्वनिमुद्रण लक्ष देऊन ऐकावे. अशा रीतीने तासाभराच्या सरावात ओठ अर्धा तासच राबतात, परंतु मन पूर्ण तास कामात असते. मनालाही अर्थात मर्यादा आहे. बर्लिनमधील संगीत-अकादमीच्या व्हायोलिन-विद्यार्थ्यांचा अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला. त्यांतील उत्तम विद्यार्थी सलग सुमारे दीड तासाहून अधिक सराव करीत नसत, मध्ये विश्रांती घेत आणि दुपारी झोपतही. ट्रम्पेटवादकाने याहूनही लहान बैठका कराव्यात : सकाळी वीस मिनिटे, दुपारी वीस, संध्याकाळी वीस. पहिल्या बैठकीत लांब, मऊ, खालचे स्वर आणि बोटे न हलविता एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकण्याचे अभ्यास असावेत. अवघड जागांची दुरुस्ती दुसरीत. आणि सलग, न थांबता वाजविणे तिसरीत.

हे शेवटचे अंग वगळून चालणार नाही. मैफलीत वा वाद्यवृंदात कोणी चुकीच्या जागी थांबून दुरुस्ती करू देत नाही. दमाची सवयही हवीच; परंतु ती दुरुस्तीच्या वेळेत मिसळू नये. लग्नसराईत वरातीपुढे तासन्‌तास वाजविणाऱ्या बँडवाल्यांना अशा सोयीस्कर वाटण्या कोठून परवडणार, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. ज्या दिवशी पोटासाठी तीन तास वाजवावयाचे आहे त्या दिवशी घरचा सराव दहा मिनिटे हळू स्वरांपुरता ठेवावा. त्यानंतरचा दिवस जमल्यास मोकळा सोडावा, आणि ओठ सुजलेले असताना उंच स्वरांची परीक्षा मुळीच पाहू नये. दुखणे आठवडाभर टिकले तर शिक्षकाऐवजी डॉक्टरांकडे जावे.

सरावाला बसताना जवळ एक वही असावी. तीत मिनिटांची नोंद करण्यात फारसा अर्थ नाही. आज कोणती जागा अडली, दोष कानाचा होता, बोटांचा की श्वासाचा, आणि कोणत्या लयीपर्यंत ती निर्दोष आली, एवढ्या दोन ओळी पुरेत. दुसऱ्या दिवशी त्या ओळी वाचून, ती जागा कालच्या लयीपेक्षा एक खूण खाली, पहिल्याच प्रयत्नात कशी येते हे आधी पाहावे. काल खरोखर काय शिकले गेले ते या एका प्रयत्नातच कळते. स्वर अजून स्वच्छ निघत असतानाच वाजविणे थांबवावे, नळीत साठलेले पाणी काढून टाकावे आणि वाद्य पेटीत ठेवावे.