पाळी थांबली, झोपही उडाली

प्रश्न : माझं वय 53. पाळी बंद होऊन दोन वर्षं झाली. रात्री दोन-तीनला घामाघूम होऊन जाग येते, मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. झोपेची गोळी नको आहे. काय करू?

उत्तर : इस्ट्रोजेन घटलं की मेंदूतलं तापमान-नियंत्रण हळवं होतं, अंग जरासं तापलं तरी घाम फुटतो. म्हणून पंखा, सैल सुती कपडे ठेवा; रात्री तिखट आणि मद्य टाळा. दुपारनंतर चहा-कॉफी नको. कॅफिनचा अंमल बराच वेळ टिकतो.

खरा उपाय सवयींमध्ये आहे. सकाळी उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, रात्र वाईट गेली तरी. दुपारी आडवं होऊ नका. झोप दाटून आल्यावरच अंथरुणावर जा. जाग आल्यावर वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही, तर उठून मंद उजेडात काहीतरी शांतपणे करा. घड्याळ आणि मोबाईल बघू नका. ही ‘सीबीटी-आय’ म्हणजे निद्रानाशासाठीच्या विचार-वर्तन उपचारपद्धतीची सूत्रं. जुन्या निद्रानाशावर पहिला उपचार तोच मानतात. गुण यायला काही आठवडे लागतात.

घोरणं, झोपेत श्वास अडकणं, पायांची तगमग किंवा सततची उदासी असेल, तर मात्र डॉक्टरांना भेटा. थायरॉइडही तपासून घ्या.